शेअरपॉइंटमधल्या सगळ्या साइट्स एकसारख्या कशा करायच्या? थीम, उपसाइट आणि हब सोप्या भाषेत

तुमच्या ऑफिसात शेअरपॉइंट वापरतात का? मग हे चित्र ओळखीचे असेल. मुख्य पान निळे, अकाउंट्सचे हिरवे आणि एचआरचे कधीकाळी कोणीतरी लाल करून ठेवलेले. एका ठिकाणी जुना लोगो, दुसऱ्या ठिकाणी नवा. नुकताच कामाला लागलेला माणूस लिंक उघडतो आणि विचारतो, "हे आपलंच आहे ना?"

प्रश्न साधा असला तरी महत्त्वाचा आहे. पान आपल्याच संस्थेचे आहे की नाही याची खात्री नसेल, तर त्यावरचे परिपत्रक खरे मानायचे की नाही, हेही कळत नाही. म्हणून अनेक संस्था ठरवतात की सगळ्या साइट्स एकसारख्या दिसल्या पाहिजेत. मग कोणीतरी मुख्य साइटचा रंग बदलतो आणि उपसाइट्स मात्र जशाच्या तशा राहतात. असे का होते आणि त्यावर उपाय काय, ते या लेखात पाहू.

थोडक्यात उत्तर

• थीम म्हणजे रंग आणि अक्षरांचा ठरवलेला संच.
• थीम दोन प्रकारे पसरते. एक, वारशाने: वरची साइट बदलली की खालची आपोआप बदलते. दोन, नकलेने: प्रत्येक साइटवर वेगळी प्रत लावली जाते आणि पुढचा बदलही प्रत्येक ठिकाणी वेगळा करावा लागतो.
• आजच्या ऑनलाइन शेअरपॉइंटमध्ये अनेक साइट्स एकसारख्या ठेवण्याचा सरळ मार्ग म्हणजे हब साइट.
• साइट्स सारख्या दिसल्या म्हणून त्यांच्या परवानग्या सारख्या होत नाहीत.

साइट, उपसाइट आणि साइट कलेक्शन

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शिक्षण संस्थेची पुणे, सातारा आणि सांगली येथे महाविद्यालये आहेत. संस्थेची शेअरपॉइंटवर एक मुख्य साइट आहे. तिच्या खाली तीन महाविद्यालयांच्या तीन उपसाइट्स आहेत आणि प्रत्येकीच्या खाली परीक्षा विभाग, आस्थापना विभाग, ग्रंथालय अशा आणखी उपसाइट्स आहेत.

मुख्य साइट आणि तिच्या खालच्या सगळ्या उपसाइट्स मिळून जो गट होतो, त्याला साइट कलेक्शन म्हणतात. साइट कलेक्शन ही एक इमारत समजा आणि उपसाइट्स म्हणजे तिच्यातल्या खोल्या. एका इमारतीला बाहेरून रंग दिला म्हणून शेजारच्या इमारतीचा रंग बदलत नाही. इथेही तसेच आहे. जुन्या शेअरपॉइंटमध्ये थीमच्या फाइल्स ज्या गॅलरीत ठेवायच्या, ती गॅलरी प्रत्येक साइट कलेक्शनची स्वतंत्र असे. त्यामुळे वारसा चालायचा तो त्या कलेक्शनच्या आतच. दुसऱ्या कलेक्शनला तोच रंग हवा असेल, तर फाइल तिथे पुन्हा चढवावी लागे.

"मुख्य साइटवर बदल केला, पण सगळीकडे का दिसत नाही?" या तक्रारीचे उत्तर अनेकदा इथेच सापडते. ज्या दोन साइट्स आपल्याला एकाच घरातल्या वाटतात, त्या प्रत्यक्षात दोन वेगळ्या इमारतींत असतात.

थीममध्ये काय येते आणि काय येत नाही?

थीम, लोगो, मेनू आणि पानाची मांडणी यांची लोक सरमिसळ करतात. या चारही गोष्टी वेगळ्या आहेत.

• थीम: पट्ट्या, बटणे, लिंक आणि पार्श्वभूमी यांचे रंग. काही आवृत्त्यांत अक्षरांचे वळण म्हणजे फॉन्टही.
• लोगो आणि नाव: प्रत्येक साइटचे स्वतःचे असते.
• मेनू: वरच्या किंवा बाजूच्या पट्टीतल्या लिंक. त्यांचे सेटिंग वेगळे.
• मांडणी: पानावर कोणता भाग कुठे दिसेल. जुन्या शेअरपॉइंटमध्ये हे काम मास्टर पेज नावाची फाइल करायची.

म्हणजे थीम लावली की भिंतीचा रंग बदलतो, खिडक्या-दारे जागची हलत नाहीत. वरिष्ठांनी "सगळं एकसारखं करा" असे सांगितले, तर आधी विचारून घ्या: फक्त रंग, की मेनूसुद्धा? पहिले काम काही मिनिटांचे असू शकते. दुसऱ्यासाठी सगळ्या विभागांना एकत्र बसावे लागते.

वारसा की नक्कल? २००७ पासून आजपर्यंत

शेअरपॉइंट २००१ साली बाजारात आले. तेव्हापासून थीमची पद्धत अनेकदा बदलली. हा इतिहास माहीत असला की इंटरनेटवर सापडणारा सल्ला कोणत्या आवृत्तीचा आहे, हे ओळखता येते आणि चुकीच्या सल्ल्यामागे दिवस वाया जात नाही.

शेअरपॉइंट २००७: या आवृत्तीत थीम एकेका साइटला लावावी लागे. थीमच्या फाइल्स सर्व्हरवर असत आणि थीम लावली की त्यांची प्रत त्या साइटमध्ये जाऊन बसे. म्हणून नंतर सर्व्हरवरची मूळ फाइल सुधारली, तरी साइटवर जुनेच रंग दिसत. थीम पुन्हा लावल्याशिवाय बदल दिसत नसे. ही शुद्ध नक्कल. मास्टर पेजला मात्र प्रकाशनाची सुविधा असलेल्या साइट्समध्ये वारसा होता: वरच्या साइटकडून घ्या, किंवा खालच्या सगळ्या उपसाइट्सना हेच लावा. पण तिथेही एक अडचण होती. सेटिंगची पाने वेगळे मास्टर पेज वापरत, त्यामुळे आपले मास्टर पेज तिथे लागू होत नसे. घराचा दर्शनी भाग नवा आणि स्वयंपाकघर जुनेच, असा तो प्रकार होता. त्यामुळे अनेक जण मास्टर पेज आणि थीम दोन्ही वापरत.

शेअरपॉइंट २०१०: इथे थीम ऑफिसच्या थीम फाइलशी जोडली गेली. पॉवरपॉइंटमध्ये १२ रंग आणि २ फॉन्ट ठरवायचे, फाइल जतन करायची आणि साइट कलेक्शनच्या गॅलरीत चढवायची. त्यासाठी कोड लिहिण्याची गरज नव्हती. प्रकाशनाची सुविधा चालू असेल, तर वरच्या साइटची थीम वारशाने घेण्याचा पर्यायही मिळे. ही सुविधा बंद असेल, तर तो पर्याय दिसतच नसे. त्यामुळे दोन ऑफिसांत एकच आवृत्ती असूनही एकाला जमायचे, दुसऱ्याला नाही.

शेअरपॉइंट २०१३: या आवृत्तीत 'कंपोज्ड लुक' आला. रंगांची फाइल, फॉन्टची फाइल, पार्श्वभूमीचे चित्र आणि मास्टर पेज यांना एकत्र करून एक नाव दिले जाई. या आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टचा आधार ११ एप्रिल २०२३ रोजी संपला.

आजचे ऑनलाइन शेअरपॉइंट: नव्या धाटणीच्या पानांवर जुने मास्टर पेज आणि स्वतःची सीएसएस फाइल चालत नाही. म्हणून "मास्टर पेज बदला" हा सल्ला वाचला, तर तो जुन्या धाटणीच्या पानांसाठी आहे हे ओळखा. आता संस्थेची थीम एकदा तयार करून संपूर्ण संस्थेच्या यादीत ठेवता येते. हब साइट्स २०१८ साली आल्या आणि त्यांनी उपसाइट्सचे बरेचसे काम आपल्याकडे घेतले.

हब साइट म्हणजे काय?

जुन्या पद्धतीत मुख्य साइटच्या पोटात उपसाइट आणि तिच्या पोटात आणखी उपसाइट असे. अशी उतरंड एकदा रचली की मधला थर हलवणे अवघड. सांगलीचे महाविद्यालय उद्या स्वतंत्र झाले, तर त्याची उपसाइट सहज उचलून बाहेर काढता येत नाही. मजकूर नव्या साइटवर न्यावा लागतो आणि पत्ते बदलल्यामुळे जुन्या लिंकही तुटतात.

हबची कल्पना वेगळी आहे. प्रत्येक साइट स्वतंत्र, सगळ्या एकाच पातळीवर. त्यातल्या एका साइटला हब म्हणून नोंदवायचे आणि बाकीच्या तिला जोडायच्या. जोडलेल्या साइट्सना हबची थीम मिळते आणि वर हबचा सामाईक मेनू दिसतो. हबची थीम बदलली की तो बदल जोडलेल्या साइट्सवरही जातो. म्हणजे वारसा आहे, पण कोणी कोणाच्या पोटात नाही. मायक्रोसॉफ्टही नवीन रचना करताना उपसाइट्सऐवजी हीच पद्धत सुचवते.

काही नियम लक्षात ठेवा:

• एक साइट एका वेळी एकाच हबला जोडता येते.
• हब म्हणून नोंदणी शेअरपॉइंटचा ॲडमिन करतो.
• जोडली जाते ती पूर्ण साइट. आतली एखादी उपसाइट वेगळी काढून दुसऱ्या हबला जोडता येत नाही.
• एका संस्थेत जास्तीत जास्त २,००० हब करता येतात.
• जोडलेल्या साइटचे स्वतःचे नाव आणि लोगो तसेच राहतात.

शेवटचा नियम फार उपयोगाचा आहे. रंग एक आणि नाव वेगळे, म्हणजे संस्था एकच आहे हेही कळते आणि आपण नेमके कुठे आहोत हेही कळते.

प्रत्यक्ष काम कसे करायचे?

१. यादी करा. आपल्याकडे साइट्स किती, उपसाइट्स किती, जुनी पाने कोणती, नवी कोणती, हे एका एक्सेल फाइलमध्ये लिहा. प्रत्येकीसमोर जबाबदार माणसाचे नाव लिहा. ज्या साइटला कोणीच वाली नाही, तिला रंग देण्याआधी ती हवी आहे का हे ठरवा.

२. रंग ठरवा. मायक्रोसॉफ्टचे थीम बनवण्याचे एक ऑनलाइन साधन आहे. त्यात मुख्य रंग, अक्षरांचा रंग आणि पार्श्वभूमीचा रंग असे तीन रंग दिले की बाकीच्या फिक्या-गडद छटा ते स्वतः तयार करते.

३. थीम संस्थेच्या यादीत टाका. हे काम ॲडमिन पॉवरशेलमधून करू शकतो. इथे अनेकांची गल्लत होते: थीम यादीत टाकली म्हणजे ती साइट्सना लागली असे नाही. ती फक्त निवडीसाठी उपलब्ध होते.

४. नको असलेले पर्याय लपवा. शेअरपॉइंटच्या तयार थीम लपवता येतात. मग साइटच्या मालकाला संस्थेने ठरवलेल्याच थीम दिसतात. "चुकून लाल झाले" हा प्रकार थांबवण्याचा हा सोपा उपाय.

५. हब नोंदवा आणि थीम लावा. ही थीम साइटच्या सेटिंगमधल्या 'चेंज द लुक' या पर्यायातून लावता येते. आधी एखादी कमी महत्त्वाची साइट जोडून पाहा. तिचे मुख्य पान, एखादी यादी आणि एखादे दस्तऐवजांचे पान उघडून तपासा. सगळे ठीक असेल तरच बाकीच्या साइट्स जोडा.

६. नव्या साइट्सची सोय करा. साइट तयार होतानाच थीम लागावी आणि ती हबला जोडली जावी, अशी सूचना साइटच्या टेम्पलेटमध्ये लिहून ठेवता येते. हे केले नाही, तर वर्षभरात पुन्हा रंगीबेरंगी गोंधळ उभा राहतो.

हब नसताना एकेका साइटला थीम लावली असेल, तर ती नक्कलच आहे. पुढे यादीतली मूळ थीम सुधारली, तरी त्या साइटवर ती पुन्हा लावावी लागते. २००७ सालची जुनी अडचण इथे वेगळ्या रूपात भेटते.

जुन्या सर्व्हरवर वारसा वापरणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी. "खालच्या सगळ्या उपसाइट्सना हेच लावा" या खुणेवर टिचकी मारली की एखाद्या विभागाने केलेली स्वतःची निवड पुसली जाते. त्या लोकांना आधी कळवा आणि जुन्या सेटिंगची नोंद ठेवा.

रंग निवडताना: वाचता येते का?

एकाच साइटवर चुकीचा रंग असेल, तर त्रास एका विभागाला होतो. तोच रंग ६० साइट्सवर गेला, तर त्रास सगळ्या संस्थेला होतो. म्हणून एकसारखेपणा आणण्याआधी तपासणी हवी.

वेबवरील सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५:१ इतका फरक हवा. मोठ्या अक्षरांसाठी ३:१ चालतो. आपल्याकडे आवडता असलेला केशरी रंग घेतला आणि त्यावर पांढरी अक्षरे टाकली, तर हे प्रमाण साधारण २:१ एवढेच भरते. म्हणजे दिसायला पट्टी झळाळते, पण चाळिशीचा चष्मा लागलेल्या लिपिकाला बटणावरचे शब्द वाचता येत नाहीत. त्याच केशरीवर काळी अक्षरे टाकली तर प्रमाण ९ च्या वर जाते. रंग तोच, फक्त अक्षरांचा रंग बदलला.

दुसरी गोष्ट रंगांधळेपणाची. काही जणांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. "हिरवी साइट सर्वांसाठी, लाल साइट गोपनीय" असा नियम केला, तर त्यांना त्याचा उपयोग नाही. अर्थ रंगावर सोडू नका, शब्दांत लिहा.

देवनागरी मजकुराचे काय?

ही बाब इंग्रजी मार्गदर्शनात सहसा सापडत नाही. ज्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत, तो थीमसाठी निवडला तर इंग्रजी शब्द त्या वळणात दिसतात आणि मराठी मजकुरासाठी वाचकाच्या संगणकावरचा दुसरा फॉन्ट वापरला जातो. त्यामुळे एकाच शीर्षकातले इंग्रजी आणि मराठी शब्द वेगवेगळ्या जाडीचे दिसू शकतात.

ऑफिसच्या थीम फाइलमध्ये वेगवेगळ्या लिप्यांसाठी वेगळा फॉन्ट नोंदवण्याची सोय आहे. नेहमीच्या थीममध्ये देवनागरीसाठी मंगल फॉन्ट नोंदवलेला असतो. विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा भारतीय लिप्यांचा फॉन्ट विंडोजसोबत येतो. तुमच्या परिपत्रकांची भाषा मराठी असेल, तर थीम पक्की करण्याआधी जोडाक्षरे आणि मात्रा असलेले एक मराठी पान नक्की तपासा. ओळींमधले अंतर कमी पडले, तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात.

सर्वात महत्त्वाचे: सारखे दिसते म्हणजे सारखे खुले नाही

आपल्या काल्पनिक संस्थेकडे परत येऊ. सगळ्या साइट्स आता गडद जांभळ्या झाल्या. पाने ओळखीची वाटू लागली. परीक्षा विभागातील एक कर्मचारी घाईघाईत प्रश्नपत्रिकेचा मसुदा चढवतो. समोरचे पान जांभळे, मांडणी रोजचीच. पण ती परीक्षा विभागाची साइट नाही, ती महाविद्यालयाची सर्वसाधारण साइट आहे आणि ती सगळ्यांना दिसते.

पूर्वी रंग वेगळा असल्यामुळे त्याचा हात कदाचित थबकला असता. एकसारखेपणाची ही दुसरी बाजू आहे. साइट हबला जोडल्याने तिच्या परवानग्या बदलत नाहीत. कोणाला काय दिसेल हे प्रत्येक साइटवर वेगळे ठरलेले असते आणि थीम त्याबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून थीम एक करताना ही तीन कामे सोबत करा:

• साइटचे नाव स्पष्ट ठेवा. "परीक्षा" नको, "परीक्षा विभाग, सातारा – गोपनीय" असे पूर्ण लिहा.
• गोपनीय साइट्सचा लोगो वेगळा ठेवा.
• फाइल चढवण्याआधी साइटचे नाव वाचायचे, हे कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष दाखवून सांगा.

बाहेरून येणाऱ्या बनावट लिंकलाही हेच लागू आहे. ओळखीचा रंग आणि लोगो कोणीही उचलून आपल्या पानावर लावू शकतो. पासवर्ड टाकण्याआधी ब्राउझरमधला पत्ता पाहा. थीमवरून पान खरे ठरत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी फक्त माझ्या विभागाच्या साइटचा मालक आहे. मी सगळ्या साइट्सची थीम बदलू शकतो का?
नाही. तुमचा अधिकार तुमच्या साइटपुरता. संस्थेची थीम यादीत टाकणे आणि हब नोंदवणे ही ॲडमिनची कामे आहेत.

आमच्या जुन्या उपसाइट्स आत्ताच मोडाव्या लागतील का?
नाही. त्या चालू राहतात. पण नवीन विभागासाठी साइट लागली, तर ती स्वतंत्र करून हबला जोडा. जुन्यांपैकी ज्यांचे काम चालू आहे, त्या सवडीने हलवा.

प्रत्येक विभागाला थोडा वेगळेपणा हवा असेल तर?
नाव, लोगो, मुख्य चित्र आणि पानावरचा मजकूर यांतून तो मिळतो. रंग आणि मेनू सामाईक ठेवा.

थीम बदलल्याने फाइल्स किंवा माहिती जाते का?
नाही. थीम फक्त दिसणे बदलते.

तुमच्या ऑफिसातल्या साइट्सची थीम वारशाने आली आहे की नकलेने, हे आज एकदा ॲडमिनला विचारून घ्या. पुढचा रंग बदलायला पाच मिनिटे लागतील की पाच दिवस, ते त्या उत्तरावर ठरते.